'दोनच तास तर वाजवायचंय!'

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): मी 32 वर्षांचा, पुण्यात राहतो. सहा वर्षांपूर्वी आयटीतली नोकरी सोडून पूर्णवेळ गिटार वाजवायला लागलो. मी गात नाही. एकटाच बसून गाण्यांच्या धून वाजवतो. साखरपुडे, रिसेप्शन, साठीशांत, कंपन्यांची डिनर, अशी वर्षाला साधारण 35 कामं मिळतात. गेल्या महिन्यात मुळशीजवळच्या एका रिसॉर्टवर साखरपुडा होता. 5 ते 7 वाजवायचं, 18,000 ठरलेले. लॉनवर विजेचा पॉइंटच नव्हता, म्हणून सुरू करायला 5.40 झाले. मग 'अजून थोडं वाजवा' म्हणत 7.30 पर्यंत थांबवलं, आणि तरी उशीर झाला म्हणून प्लॅनरने 2,000 कापले. पाहुणे सगळा वेळ गप्पांत आणि फोटोंत. मधे गिटारची बॅटरी बदलायला थांबलो, तेव्हा मात्र तिघं विचारायला आले, 'बंद का केलं?' जेवायला डेकोरेटरच्या पोरांबरोबर मागच्या बाजूला बसवलं, तोवर भाजी संपली होती. घरी हे सांगितलं तर आतेभाऊ म्हणतो, 'दोन तासांचे 18 हजार? मजा आहे बुवा तुझी!' आता डिसेंबरमध्ये मावसबहिणीचं लग्न आहे. तिला सख्खा भाऊ नाही. मावशी सगळ्यांना सांगत सुटली आहे, 'आमच्याकडे घरचाच गिटारवाला आहे.' तिच्याकडे पैशांचा विषय कसा काढायचा? एका शाळेत संगीतशिक्षकाची 28,000 पगाराची नोकरी चालून आली आहे, महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचंय. बायको म्हणते, 'तू ठरव.' कोणी ऐकतच नसेल तर मी हे का करतोय? सोडून देऊ का?

नमस्कार,

आधी आतेभावाचं बघू. तुमच्या पत्रात सगळ्यांत जास्त राग त्याच्यावर आहे आणि माझ्या मते त्याचा दोष सगळ्यांत कमी आहे.

तुम्ही पत्रासोबत त्या कामाचं दरपत्रक जोडलंत ते बरं केलंत. त्यात एकच ओळ आहे: 'सोलो गिटार, 2 तास, 18,000 रुपये.' आतेभावाने या ओळीचा भागाकार केला. तासाला 9,000 आले आणि तो हबकला. मीही हबकले असते. प्लॅनरनेही तोच भागाकार केला, फक्त स्वतःच्या सोयीने. 5.40 ते 7.30 म्हणजे एक तास 50 मिनिटं. तुम्ही 'अर्धा तास जास्त वाजवलं' असं लिहिता तेही पूर्ण खरं नाही, आणि त्याने 'उशीर झाला' म्हणून 2,000 कापले तेही नाही. घड्याळाप्रमाणे 10 मिनिटं कमी पडली. तासाच्या दराने त्याचे 1,500 होतात. म्हणजे त्याने वर आणखी 500 घेतले! पण आपण दोघं इथे बसून मिनिटं मोजतोय, यातच सगळी गोम आहे. तुमचं काम मिनिटांत मोजायचं असतं हे लोकांना कोणी सांगितलं? तुमच्याच दरपत्रकाने.

आता तुमच्या पत्रातले सुटे तुकडे जोडून तो दिवस मांडून बघते. जिचा साखरपुडा होता त्या मुलीने दोन गाणी खास मागितली होती. गाण्याची चाल, खालचा बास आणि मधले कॉर्ड्‌स हे सगळं एकट्या गिटारीवर बसवायला तुम्हाला गाण्यामागे तीन तास लागले, म्हणजे सहा तास तिथेच गेले. आदल्या रात्री नव्या तारा चढवल्या, कारण त्या ताणून बसायला रात्र जावी लागते. उजव्या हाताची नखं घासली, केबल तपासल्या, सामान बांधलं, त्यात दीड तास गेला. सकाळी साडेदहाला कोथरूड सोडलं, चांदणी चौक, पिरंगुट, पौड करत साडेबाराला पोचलात. वाजवायचं 5 ला, मग इतक्या लवकर का? कारण मांडववाल्यांचं काम दोनला आटपतं, साडेतीनला फोटोग्राफर त्या जागेचा ताबा घेतो आणि साउंडचेक त्यांच्या मधल्या फटीत उरकावा लागतो. पाहुणे आल्यावर 'हॅलो, चेक, चेक' करता येत नाही. मग विजेचा घोळ, मग वाजवणं, मग आवराआवर, मग पैशांसाठी नऊपर्यंत ताटकळणं. घरी यायला अकरा. एकूण वीस तास झाले.

हातात आले 16,000. त्यातून पेट्रोलचे 1,000, तारांचे 900, स्पीकर उचलायला नेलेल्या मुलाचे 1,500 वजा केले की 12,600 उरतात. तासाला 630 रुपये. हा आकडा काही वाईट नाही. चांगल्या शिकलेल्या कितीतरी नोकरदारांना एवढे मिळत नाहीत, तेव्हा रडगाणं नको. पण 630 म्हणजे 9,000 नव्हेत. आतेभावाला हा हिशोब एकदा चहा पिताना सांगा, भांडणाच्या सुरात नको. तो चेष्टा करतो कारण त्याला दिसतो फक्त लॉनवरचा माणूस, छान कुर्ता घातलेला, झाडाखाली बसून गिटार वाजवणारा. मलाही हेवा वाटेल.

तर पहिला बदल दरपत्रकात करा. तास विकू नका, कार्यक्रम विका. 'एका कार्यक्रमाचं मानधन' असं लिहा आणि त्याखाली काय काय येतं ते मांडा: यजमानांच्या पसंतीच्या दोन गाण्यांची तयारी, प्रवास, 80-100 पाहुण्यांना पुरेल अशी तुमची स्वतःची ध्वनिव्यवस्था, साउंडचेक, आणि 45 मिनिटांचे दोन सेट, मधे पाव तास विश्रांती. दोनपेक्षा जास्त गाणी नव्याने बसवायची असतील तर प्रत्येकाचे वेगळे पैसे. हे वाचणारा माणूस भागाकार करत नाही. केलाच तर त्याला कशाने भागायचं ते कळत नाही, आणि तेच आपल्याला हवं आहे.

उशिराचंही आधीच लिहून टाका. तुम्ही अमुक ते अमुक वेळेत हजर आहात. यजमानांच्या किंवा जागेच्या कारणाने सुरुवात लांबली तरी संपायची वेळ तीच राहील आणि मानधनही तेच. पुढे वाजवायचं असेल तर प्रत्येक अर्ध्या तासाचे इतके, हे बुकिंगच्या दिवशीच ठरवायचं. 'अजून थोडं' हा शब्दप्रयोग फार लबाड आहे. म्हणणाऱ्याला त्यात कौतुक वाटतं आणि ऐकणाऱ्याला नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. आकडा आधी ठरलेला असला की उद्धट न होता 'हो, जरूर, अर्ध्या तासाचे इतके ठरलेत ना आपले?' असं हसून म्हणता येतं. उघड्या लॉनवर रात्रीचा कार्यक्रम असेल तर आणखी एक आधार आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धक वापरता येत नाही. बंदिस्त हॉल, बँक्वेट यांना सवलत आहे, आणि सरकार सणासमारंभांसाठी वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत परवानगी देऊ शकतं. दहाला दहा कमी असताना स्पीकर बंद करायला कोणाची परवानगी लागत नाही.

पैसे निम्मे बुकिंगला, उरलेले पहिला सेट सुरू होण्याआधी. हे तुम्हाला कठोर वाटेल. मी हे उत्तर लिहिण्याआधी अशा कार्यक्रमांत वाजवणाऱ्या दोघातिघांशी बोलले, सगळ्यांनी हेच सांगितलं, आणि कारणही व्यवहाराचंच सांगितलं. कार्यक्रम संपला की यजमान पाहुण्यांना निरोप देण्यात गुंतलेले, मुलीचे वडील दमलेले, प्लॅनर फोनवर. त्या घटकेला तुमचे पैसे काढून देणं ही कोणाच्याच डोक्यातली पहिली गोष्ट नसते. त्यात वाईट हेतू असेलच असं नाही, पण तुम्ही मात्र स्पीकरवर बसून राहता. शिवाय पैसे आधी मिळाले असते तर 2,000 कापायला त्याला तुमच्याकडून परत मागावे लागले असते, आणि परत मागायला माणूस दहादा विचार करतो.

यासाठी वकिलाने केलेला करार नको. व्हॉट्सॲपवर एक मेसेज आणि त्याखाली समोरच्याचं 'ओके' पुरतं. त्याच मेसेजमध्ये जागेच्या गरजा टाका. बसण्याच्या जागेपासून पाच मीटरच्या आत विजेचा पॉइंट, तोही केटररच्या लाइव्ह काउंटरच्या किंवा झगमगाटाच्या लाइटिंगच्या लाइनवरचा नको, नाहीतर स्पीकरमधून सगळा वेळ घूंऽऽ ऐकू येत राहतं. जनरेटर असेल तर त्याचं अर्थिंग धड आहे ना, हे विचारा. सावली हवी, उन्हात तापली की गिटार सूर सोडते, आणि जास्तच तापली तर ब्रिजचा, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीचा, गोंद सैल होतो. आणि हात नसलेली खुर्ची! हॉलवाले प्रेमाने सिंहासन आणून देतात, त्यात गिटार धरायची कशी हा विचार बिचाऱ्यांना कुठून सुचणार? त्या दिवशी फोन कोणाला करायचा त्याचं नाव आणि नंबरही घ्या. मुळशीला तुम्ही चाळीस मिनिटं वायर मागत कोणाकोणाकडे फिरलात ते वाचून मला दया आली, पण आदल्या दिवशी एक फोन केला असता तर कळलं असतं, हेही खरं. बॅटरीवर चालणारा एक बरा स्पीकर घेतलात तर हा प्रश्नच मिटेल. गप्पांचा आवाज साधारण 60 डेसिबल धरतात; तुमची गिटार त्याच्या आसपासच राहायला हवी, त्यामुळे छोटा स्पीकर सहज पुरतो.

समारंभात गाणी वाजवायला परवाना लागतो का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं विचारलंय, तेही इथेच सांगते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात धार्मिक विधींना सूट आहे आणि तिच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभही धरले आहेत. तरी हॉटेलं आणि परवाना देणाऱ्या संस्था यांच्यात यावरून वाद होत असतात, तेव्हा 'परवाना लागलाच तर तो आयोजकांनी काढायचा' अशी ओळ घालून मोकळे व्हा. कंपनीच्या डिनरला तर ती ओळ हवीच, ते काही लग्न नाही. कंपन्या मानधनातून टीडीएस कापतात. तो बुडाला असं समजू नका, विवरणपत्र भरलं की हिशोबात येतो. एखादा सीए गाठा आणि वर्षाच्या सुरुवातीलाच गाठा.

आता जेवणाचं. इथे मी तुम्हाला थोडं टोचणार आहे. तुम्ही लिहिलंय, 'डेकोरेटरच्या पोरांबरोबर बसवलं.' भाजी संपली होती, ही तक्रार रास्त आहे. सकाळी साडेदहापासून घराबाहेर असलेल्या माणसाला रात्री नऊला नुसता पुलाव वाढणं हा ढिसाळपणा झाला. पण वाक्याचा पहिला भाग? तुमच्यासाठी शेवटी वायर कोणी ओढून आणली, हे तुम्हीच आधीच्या परिच्छेदात सांगितलंय: 'डेकोरेटरच्या एका मुलाने.' त्या दिवशी तुमचे सहकारी तेच होते. पाहुण्यांच्या पंगतीत बसायला तुम्ही पाहुणे नव्हतात. मला वाटतं, तुम्हाला लागलं ते एवढ्याचसाठी, की इंजिनिअर असून, कलाकार असून, आपण 'कामवाल्यां'मध्ये मोजले गेलो. हे मनात येणं माणसासारखं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. मात्र भाजी संपल्याचा राग आणि हा राग वेगवेगळे आहेत, ते वेगळे ठेवा. पहिल्यावर उपाय सोपा आहे: मेसेजमध्ये 'माझं आणि मदतनिसाचं जेवण, सेट संपल्यावर लगेच' असं लिहा, आणि गाडीत दशम्या-चटणी ठेवा. दुसऱ्यावरचा उपाय तुमचा तुम्हालाच सापडेल.

आणि ते मोठं वाक्य: 'कोणी ऐकतच नाही.'

यावर लोक जी समजूत काढतात ती मी काढणार नाही. 'कुठल्यातरी कोपऱ्यात कोणीतरी मनापासून ऐकत असतं' वगैरे. असेलही, नसेलही. त्या भरवशावर पोट चालवता येईल, मन नाही. पण तुमच्या वाक्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. कोणी ऐकत नाही याचा अर्थ कोणाला ते नको आहे, असा होत नाही. बॅटरी बदलायला थांबलात तर तिघं उठून आले ना? त्यांना कुठलं गाणं चाललं होतं ते विचारलं असतं तर कदाचित सांगता आलं नसतं. तरी थांबलेलं मात्र कळलं. सनईकडे तोंड करून मांडवात कोण बसतं? तरी ती नसली तर यजमानीणबाईंचा जीव वरखाली होतो. पाहुण्यांना एकमेकांशी निवांत बोलता यावं, अनोळखी दोन घरांमधली शांतता अवघड वाटू नये, यासाठी तुम्हाला बोलावलं होतं. ते काम तुम्ही चोख केलंत. ते काम आहे आणि त्याचे पैसे मिळतात.

पण तुम्हाला ऐकलं जायला हवं आहे, आणि ती भूक साखरपुड्यात भागणार नाही. जुन्या काळी मुंबईत वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांनी हे कसं निभावलं ते बघा. चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, 1940 च्या दशकात ताजमध्ये बँड घेऊन वाजवत. समोरचे लोक जेवायला आणि नाचायला आलेले. तेच चिक चॉकलेट आपल्या सी. रामचंद्रांचे सहायक होते, आणि त्या गाण्यांमधलं त्यांचं ट्रम्पेट लोक आजही कान देऊन ऐकतात. त्यांच्यासारखे कितीतरी वादक रात्री हॉटेलात आणि दिवसा स्टुडिओत वाजवत. हॉटेलातल्या जेवणाऱ्यांनी काटे-चमचे खाली ठेवून ऐकावं, अशी अपेक्षा त्यांनी ठेवली असती तर ते आठवड्याभरात खचले असते.

तुमच्याकडे आज फक्त हॉटेलची बाजू आहे. पत्रात तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहून गेलात, 'सहा महिन्यांत स्वतःसाठी एकही नवीन धून बसवली नाही.' मला विचाराल तर मुळशीची भाजी, प्लॅनरचे 2,000 आणि आतेभावाची चेष्टा या सगळ्यांपेक्षा हे वाक्य जास्त काळजीचं आहे. हंगामात लागोपाठ कामं घेतली की माणूस तेच पंचवीस तुकडे फिरवत राहतो आणि एक दिवस त्याला स्वतःलाच ते ऐकू येईनासे होतात. पाहुण्यांना दोष देण्याआधी स्वतःला विचारून बघा, मुळशीला तुम्ही तरी ऐकत होतात का?

तेव्हा ऐकणाऱ्यांची सोय वेगळी करा. दोन महिन्यांतून एकदा कोणाच्या तरी दिवाणखान्यात 25-30 लोकांची बैठक. फोन बंद, खाणं नंतर, तासाभराचं वादन, आणि माणशी थोडं का होईना तिकीट, कारण फुकट आलेला माणूस उशिरा येतो. जरा धीर आला की सुदर्शन रंगमंचासारखी छोटी जागा बघा. पुण्यात अशा जागांना आणि अशा ऐकणाऱ्यांना तोटा नाही. तिथे 35 कामांमधल्या यजमानांपैकी निवडक लोकांनाही बोलवा. साखरपुड्यात फोटो काढत फिरणारा माणूस तिथे वेगळाच निघतो, आणि पुढचं कामही बरेचदा तिथूनच येतं. लग्नसमारंभांतही थोडी चोरवाट आहेच. पहिली 15-20 मिनिटं पाहुणे यायचे असतात, लॉनवर वेटर आणि दोन काका सोडून कोणी नसतं. ती वेळ तुमची. जे नवीन बसवताय ते तेव्हा वाजवा, यमन आळवायचा असेल तर आळवा. काकांची हरकत नसते.

मावशीचं तुम्ही उगाच अवघड करून ठेवलंय. ती म्हणाली, 'घरचाच गिटारवाला आहे.' तुम्ही ऐकलंत, 'फुकटचा गिटारवाला आहे.' ती फुकट असं म्हणाल्याचं पत्रात कुठे नाही. सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडलीत तेव्हा हीच मावशी काय म्हणाली होती, ते आठवून बघा. आता ती मिरवते आहे. मिरवू द्या.

तरी वाजवायचं का? लग्नाच्या दिवशी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचा पैशांशी संबंध नाही. मावसबहिणीला सख्खा भाऊ नाही. मग लाजाहोमाच्या वेळी तिच्या ओंजळीत लाह्या कोण घालणार? नवरदेवाचा कान कोण पिळणार? दुपारभर साउंडचेकच्या मागे आणि संध्याकाळी खुर्चीला खिळलेला माणूस भाऊ म्हणून तिथे नसतोच. पुढे अल्बम बघताना तुम्ही प्रत्येक फोटोत मागे, अंधुक, गिटारीवर वाकलेले दिसाल. घरच्या कार्यात एकतर घरचे व्हा नाहीतर वादक व्हा. दोन्ही करायला गेलं की वायर शोधताना मुहूर्त टळतो.

मावशीकडे समक्ष जा, फोनवर नको. असं काहीतरी बोला: 'मावशी, लग्नाच्या दिवशी मी गिटार आणणार नाही. त्या दिवशी लाह्या द्यायला मी, कान पिळायला मी, आग्रह करून जिलब्या वाढायलाही मीच. पण आदल्या दिवशी सीमांतपूजन झालं की अर्धा तास वाजवीन, तिच्या आवडीची चार गाणी. तो माझा आहेर. रिसेप्शनला वाद्यसंगीत हवंच असेल तर माझा एक मित्र छान वाजवतो, त्याच्याशी पैशांचं मी बोलून देतो.' यात तुम्ही नकार दिला नाहीत, देणगीचं माप स्वतः ठरवलंत, आणि या कामाचे पैसे असतात हेही मित्राच्या निमित्ताने तिच्या कानावर घातलंत. आदल्या दिवशीचा तो अर्धा तास मात्र मन लावून वाजवा. तिथे सगळे ऐकणार आहेत, आतेभावासकट.

(मेंदी काढणाऱ्या मुली, रांगोळीवाल्या, फोटोग्राफर, निवेदक यांचीही अशीच पत्रं येतात: 'घरचंच कार्य आहे, तू आहेसच.' त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. काय आणि किती द्यायचं ते आपण होऊन आधी सांगावं. दुसऱ्याने गृहीत धरून घेतलेल्या आहेराचा आनंद देणाऱ्याला होत नाही, आणि आहेर मिळाला हे घेणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही.)

राहिली शाळा. तुम्ही प्रश्न 'हे की ते' असा मांडलाय आणि मला तो तसा वाटत नाही. आकडे बघा. वर्षाला 35 कामं, हातात सरासरी 12,600 धरले तर 4,41,000 होतात, महिन्याला जेमतेम 37 हजार. त्यातून स्पीकर, गिटारची देखभाल, आरोग्यविमा. शाळेचे 28,000 यापेक्षा कमी आहेत, पण ते आषाढातही येतात. आषाढी ते कार्तिकी मुहूर्त नसतात, त्यात कधी अधिक महिना आडवा येतो. तुळशीची लग्नं लागेपर्यंत तुमचा फोन वाजत नाही. म्हणजे तुम्ही हा निर्णय उन्हाळी हंगामाचा शीण अंगात असताना आणि समोर चातुर्मास दिसत असताना घेताय. अशा वेळी कोणतीही बारमाही नोकरी चांगलीच दिसणार.

शिकवायला आवडतं का, हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. एका वर्गात चाळीस मुलं, गिटारी असतील पाच आणि त्यातल्या तीन बेसूर. हे चित्र डोळ्यांसमोर आणून हसू आलं तर जा. अंगावर काटा आला तर 28,000 साठी जाऊ नका, मुलांवर अन्याय होईल. आवडत असेल तर आठवड्याचे तीन दिवस किंवा दुपारी दोनपर्यंतचं काम मिळतं का ते विचारा. पगार त्या मानाने कमी होईल, पण साखरपुडे, रिसेप्शन, डिनर ही बहुतेक संध्याकाळची कामं आहेत. वर्षाला 35 ऐवजी चांगली 20 घेतलीत, नव्या दरपत्रकाने घेतलीत आणि चातुर्मासाला शाळेचा टेकू मिळाला, तर बायकोलाही 'तू ठरव' असं म्हणावं लागणार नाही. तिचं ते वाक्य मला मोकळीक दिल्यासारखं वाटलं नाही. दमल्यासारखं वाटलं. हा हिशोब तिच्यासोबत बसून करा.

मुख्याध्यापिकांना भेटाल तेव्हा मे महिन्याचा पगार मिळतो का आणि बाहेरचे कार्यक्रम करायला लेखी परवानगी देतील का, हे दोन्ही विचारा. आणि स्नेहसंमेलन कोणत्या तारखांना असतं तेही विचारून घ्या. बहुतेक शाळांचं डिसेंबरात असतं, ते संगीतशिक्षकाच्या गळ्यात पडणार हे ठरलेलं आहे, आणि तुमची मावशी लग्नाची तारीख काही बदलणार नाही.